कोण कोणाचे : महापे परिसरातले प्राणी आणि त्यांचे वर्गीकरण

प्रस्तावना

महापेच्या औद्योगिक पट्ट्यात गोदाम म्हटले की उंदरांचा बंदोबस्त आलाच. भिंतीच्या कडेने पिंजरे लावलेले असतात, गोंदाचे पुठ्ठे पसरलेले असतात, आणि सकाळी त्यांवर उंदरांबरोबर एखाददुसरी चिचुंद्रीही चिकटलेली सापडते. साफसफाई करणारा दोघांना एकाच पिशवीत भरतो. त्यात त्याचा दोष नाही. घरोघरी चिचुंद्रीची गणना उंदरातच होते. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्या पिशवीत फार दूरची दोन घराणी एकत्र आलेली असतात. इतकी दूरची, की उंदीर हा चिचुंद्रीपेक्षा तुम्हा-आम्हाला जास्त जवळचा आहे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरे वाटत नाही. ते खरे कसे, ते कशावरून ठरले आणि ठरवणाऱ्यांनी वाटेत काय काय बदलले, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांब लिहिली आहे. पुढच्या पानांत महापे आणि आसपासचे प्राणी त्यांच्या शास्त्रीय गटांनुसार मांडले आहेत. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता, कारखाने, जुनी आगरी गावे आणि त्यांची तळी, एवढाच हा टापू. तरी त्यात कोल्ह्यापासून निवटीपर्यंत आणि रोहित पक्ष्यापासून उडी मारणाऱ्या कोळ्यापर्यंत इतके प्रकार आहेत, की ते कोणत्या क्रमाने मांडायचे हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो. रंगाने मांडावेत? जागेने? उपयोगाने? आम्ही नात्याने मांडले आहेत, आणि नाते ठरवणे हेच या विषयातले खरे काम आहे.

चिचुंद्रीकडेच आधी नीट पाहू. तिचे नाक लांब, निमुळते आणि खालच्या जबड्याच्या बरेच पुढे गेलेले असते. डोळे अगदी बारीक. कुशीला दोन्ही बाजूंना ग्रंथी असतात, त्यांतून तो ओळखीचा उग्र दर्प येतो. खरा पुरावा मात्र तोंडात आहे. उंदराला वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात असतात. ते जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. त्या दातांच्या मागे मोकळी जागा, आणि मग दाढा. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी मोकळी जागा नाही. पुढचे दात चिमट्यासारखे पुढे आलेले आणि त्यांच्यामागे टोकदार दातांची सलग रांग. या दातांनी झुरळाचे कवच फुटते, केबल कुरतडली जात नाही. पिल्ले जरा मोठी झाली की आईमागे ओळीने निघतात, प्रत्येकाने पुढच्याच्या शेपटीचे मूळ तोंडात धरलेले. गोदामातली झुरळे खाणाऱ्या प्राण्याला आपण गोदाम कुरतडणारा समजून मारत आलो आहोत, आणि याचे कारण एवढेच, की आपण तिला चुकीच्या गटात बसवले.

सस्तन प्राण्यांच्या जनुकांचा मोठ्या प्रमाणावर तुलनात्मक अभ्यास झाला, तेव्हा २००१ च्या सुमारास एक चित्र स्पष्ट झाले. एका मोठ्या फांदीवर माकडे, माणूस, उंदीर, खारी आणि ससे. दुसऱ्या मोठ्या फांदीवर चिचुंद्री, वटवाघळे, मांजर, कुत्रा, गाय, घोडा आणि देवमासा. उंदीर आपल्या फांदीवर आहे, चिचुंद्री गाईच्या.

शास्त्रालाही हे सहज सुचलेले नाही. कार्ल लिनियस या स्वीडिश वैद्याने १७५८ साली आपल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत त्याने तिथे सर्व प्राण्यांना लावली, आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात आजही त्याच आवृत्तीपासून धरतात. देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत आणण्याचे धाडस त्याने त्याच आवृत्तीत केले. मात्र दात, पाय आणि स्तन यांच्या आधाराने केलेले त्याचे गट पाहिले तर आज आश्चर्य वाटते. वटवाघूळ त्याने माणसाच्या आणि माकडाच्या गटात ठेवले. गेंडा उंदीर-खारींच्या गटात टाकला. आणि डुक्कर, जाहक, मोल, चिचुंद्रीची जातभाई असलेली श्रू आणि अमेरिकेतला पिशवीवाला ओपॉसम या सगळ्यांना मिळून एकच गण केला.

त्यासाठी लिनियसला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याने साऱ्या जगाला एक चौकट दिली, आणि चौकट होती म्हणूनच तिच्यातल्या चुका दिसू शकल्या. उणीव होती ती वेगळीच: गट कशाचा असतो, हे त्याला माहीत नव्हते. सारखे दिसणारे ते एका गटातले, असे तो धरून चालला. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये सांगितले, की खरे वर्गीकरण म्हणजे वंशावळ. सारखेपणा हे नाते नव्हे, तो नात्याचा एक संभाव्य पुरावा आहे, आणि पुरावा तपासून घ्यावा लागतो.

तो कसा तपासायचा, हे आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणाऱ्याला विचारावे. पाटील हा हुद्दा होता, देशमुखी हे वतन होते. गावोगावचे पाटील एका मूळपुरुषाचे वंशज नाहीत. काम सारखे होते म्हणून आडनाव सारखे झाले. नाते शोधायचे तर मूळ गाव, कुलदैवत, देवक, जुने कागद असे बघावे लागते, म्हणजे कामावरून न येणाऱ्या आणि वंशाबरोबरच चालत येणाऱ्या खुणा. प्राण्यांतही उडणे, पोहणे, झाडावर राहणे, किडे खाणे ही कामे आहेत, आणि तीच कामे करता करता वेगवेगळ्या घराण्यांतले प्राणी एकसारखे दिसू लागतात. विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञाने १९५० मध्ये याचा नियम काटेकोरपणे मांडला: एका पूर्वजात नव्याने आलेले आणि फक्त त्याच्याच वंशजांना मिळालेले लक्षण गट ठरवायला चालते, त्याआधीपासून सगळ्यांकडे असलेले किंवा वेगवेगळे दोनदा उपजलेले लक्षण चालत नाही.

ऑस्ट्रेलियातला पॉसम महापेत नाही, भारतातच नाही. तरी या प्रस्तावनेत त्याला जागा द्यावीशी वाटते, कारण हा नियम त्याच्याइतका स्वच्छ क्वचितच कोणी दाखवतो. युरोपातल्या लोकांना पोटाशी पिशवी असलेला प्राणी आधी अमेरिकेत भेटला, तो ओपॉसम. १७७० साली कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावरून जोसेफ बँक्स ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. तिथेही त्यांना झाडावर राहणारा, केसाळ, पिशवीवाला प्राणी मिळाला, आणि त्यांनी त्याचे नाते अमेरिकेतल्या ओपॉसमशी जोडले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या सर्रास दिसणाऱ्या झुपकेदार शेपटीच्या पॉसमला रॉबर्ट केर यांनी १७९२ मध्ये शास्त्रीय नाव दिले, तेही अमेरिकेतल्या ओपॉसमच्या प्रजातीतच. आज दोघांचे गणसुद्धा वेगळे आहेत. पॉसमचा खालचा जबडा पाहिला तर पुढे आलेले दोन मोठे दात दिसतात, आणि मागच्या पायाची दुसरी व तिसरी बोटे कातडीने एकत्र बांधलेली असतात. कांगारू, कोआला आणि वॉम्बॅट यांच्या जबड्यात आणि पायांतही नेमके हेच दिसते. अमेरिकेतल्या ओपॉसमच्या तोंडात मात्र पन्नास दात, पुढचे लहान लहान आणि पुष्कळ, आणि पायाची बोटे सुटी. तेव्हा ऑस्ट्रेलियातला पॉसम कांगारूच्या घरातला. ओपॉसमशी त्याचे नाते आहे, पण ते सगळ्याच पिशवीवाल्यांचे एकमेकांशी असते तेवढेच. पिशवी दोघांकडे जुनीच आहे. त्यांच्यातले जवळचे नाते ती सिद्ध करत नाही.

याच पॉसम-घराण्यातला शुगर ग्लायडर हा छोटा प्राणी आपल्या सह्याद्रीतल्या उडत्या खारीशेजारी ठेवून पाहावा. उडत्या खारीला काही भागांत पाखरू म्हणतात. दाट जंगलात रात्री ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाते. दोघांच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा आहे, दोघांचे डोळे मोठे, दोघेही निशाचर. लांबून पाहिले तर सख्खी भावंडे वाटावीत. पण पडद्याची कड कुठून निघते ते पाहिले की खुलासा होतो. उडत्या खारीच्या मनगटापासून कूर्चेची एक काडी बाहेर निघते आणि पडदा ताणून धरते. शुगर ग्लायडरला अशी काडी नाही. त्याचा पडदा थेट हाताच्या करंगळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. खारीची पिल्ले आईच्या गर्भाशयात पुरती वाढून जन्मतात, ग्लायडरचे पिल्लू इवलेसे, अपुरे जन्मते आणि पिशवीत वाढते. तरंगण्याचे काम दोघांनी स्वतंत्रपणे शिकून घेतले आहे, आणि प्रत्येकाने आपल्या घरात जी साधने होती ती वापरून.

महापेला याहून जवळचे आणि मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण खाडीत आहे. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. थंडी सुरू झाली की रोहित पक्षी, म्हणजे आपल्या बोलण्यातले फ्लेमिंगो, इथल्या चिखलात उतरतात ते उन्हाळा संपत येईपर्यंत राहतात. दोन जाती दिसतात. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. लहान रोहिताची चोच गडद, काळपट लाल. दोघेही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि पाणी गाळून खातात: मोठा रोहित पाण्यातले छोटे जीव, लहान रोहित मुख्यतः नीलहरित शैवाल.

या पक्ष्याचे आप्त कोण, यावर दीडशे वर्षे वाद चालला. लांब पाय आणि लांब मान पाहून कोणी त्याला करकोच्यांत बसवले. बोटांमधले पडदे आणि बदकासारखा आवाज पाहून कोणी बदकांत. टॉमस हक्सलीने १८६७ मध्ये त्याला दोन्हींच्या मधोमध वेगळा गट करून दिला. वादात उवांचीही साक्ष काढली गेली. पक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या उवा यजमानाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, आणि रोहिताच्या काही उवा बदकांच्या उवांशी जुळतात. तेव्हा तो बदकांचाच, असा युक्तिवाद झाला. मग २००१ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून एक उत्तर आले, जे कोणाच्या मनात नव्हते: रोहिताचे सर्वांत जवळचे आप्त टिबुकलीच्या कुळातले आहेत.

टिबुकली म्हणजे गावतळ्यात दिसणारा तो इवलासा, शेपूट नसल्यासारखा, तपकिरी पाणपक्षी, जो आपण पाहतो आहोत हे कळताच बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. तिचे पाय आखूड आणि शरीराच्या अगदी मागे, बोटांना पानासारख्या झालरी. जमिनीवर तिला धड चालताही येत नाही. रोहिताच्या आणि तिच्या रूपात एकही गोष्ट सारखी नाही असे वाटते. पण उत्तर कळल्यावर अभ्यासकांनी हाडे, पिसे आणि अंडी नव्याने तपासली, तेव्हा साम्ये सापडत गेली. दोघांच्याही अंड्यावर खडूसारख्या पांढऱ्या थराचे वेष्टन असते, आणि तो थर कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. उवांचा हिशेबही २००६ मध्ये पुन्हा मांडला गेला. रोहिताच्या उवांचे जवळचे नातेवाईक टिबुकलीच्या कुळातल्या पक्ष्यांवर मिळाले, आणि बदकांकडे त्या उवा रोहितांकडूनच गेल्या असाव्यात असे दिसले. साक्ष खरीच होती, अर्थ उलटा लावला गेला होता. या पुस्तकात टिबुकलीचे पान रोहिताच्या पानाला लागून का आहे, असे विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर. खाडीवर दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की येताना एखाद्या गावतळ्यावरही थांबावे.

पुराव्याचा विषय निघाला, तर तो कुठे ठेवलेला असतो हेही सांगायला हवे. प्रत्येक जातीच्या नावामागे एक प्रत्यक्ष नमुना असतो. ज्या प्राण्यावरून वर्णन लिहिले तो प्राणी कुठल्या तरी संग्रहालयात जपलेला असतो, आणि शंका आली की त्याच्याकडेच परत जावे लागते. खाडीपलीकडे मुंबईत, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात असे कपाटांमागून कपाटे भरलेले नमुने आहेत. १९४८ मध्ये अँगस हटन यांनी तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात पकडलेले एक फलाहारी वटवाघूळ या संग्रहात आले. ते सर्रास दिसणाऱ्या एका जातीचे समजून त्यावर तशी चिठ्ठी लागली आणि ते कपाटात गेले. पुढे किट्टी थोंगलोंग्या या थायलंडच्या अभ्यासकाने तो नमुना बाहेर काढून पाहिला. त्याला शेपूट नव्हते, चिठ्ठीवरच्या जातीला असते. वरच्या आणि खालच्या जबड्यात पुढच्या दातांची एकेकच जोडी होती. १९७२ मध्ये थोंगलोंग्यांनी जाहीर केले, की ही जातच नव्हे, प्रजातीही नवी आहे. आणि तिला सलीम अलींचे नाव दिले, 'लॅटिडेन्स सलिमअलिआय'. चोवीस वर्षे तो प्राणी मुंबईत होता आणि शास्त्राला माहीत नव्हता. नमुना जपून ठेवला नसता तर चूक कळलीही नसती. जुने संग्रह म्हणजे धूळ खात पडलेले सांगाडे, असे ज्यांना वाटते त्यांना ही हकीकत मी नेहमी सांगतो. संग्रहालयांवर होणारा खर्च मला कधीच जास्त वाटला नाही.

महाराष्ट्रातल्या प्राण्यांची शास्त्रीय नोंद पद्धतशीरपणे करणाऱ्या पहिल्या काही लोकांत कर्नल विल्यम सायक्स यांचे नाव घ्यावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीसाठी दख्खनची माहिती गोळा करताना त्यांनी १८३१ मध्ये इथल्या सस्तन प्राण्यांची, १८३२ मध्ये पक्ष्यांची आणि १८३९ मध्ये माशांची वर्णने प्रसिद्ध केली. माशांची नावे त्यांनी मुळा-मुठेच्या काठावर जशी ऐकली तशी लॅटिनमध्ये घेतली. शिंगटीचे 'सींगटी' झाले, मळ्याचे 'मुल्या'. ती नावे आजही जगभर चालतात. जाळे टाकणाऱ्या माणसाला शिंगटी आणि मळ्या वेगळे आहेत हे आधीपासून ठाऊक होते, आणि सायक्स यांची जातींची यादी त्याच्या ज्ञानावर उभी आहे. ते श्रेय त्या अनाम भोयांना आणि कोळ्यांना कुठल्याच पुस्तकात पुरेसे मिळालेले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

सगळीच नावे टिकत नाहीत. आपल्या रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंद्याला, सायक्स यांनी १८३१ मध्ये 'कॅनिस दुखुनेन्सिस' म्हटले आणि मराठ्यांचा 'कोळसून' अशी नोंदही केली. पण हाच प्राणी पॅलास यांनी आशियाच्या उत्तरेकडून १८११ मध्येच वर्णिला होता, आणि नियम असा, की आधीचे नाव धरायचे. शिवाय ब्रायन हॉजसन यांनी १८३८ मध्ये दाखवले, की खालच्या जबड्यात कुत्र्याला दर बाजूला तीन मागच्या दाढा तर कोळसुंद्याला दोनच. म्हणून प्रजातीही वेगळी. दख्खनचे नाव आता फक्त उपजातीपुरते उरले आहे. उलट २०१६ मध्ये गळ्याखाली रंगीत पंखा उघडणाऱ्या सरड्यांचा नव्याने अभ्यास झाला. त्यात दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंत आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पंख्याच्या सरड्यांसाठी जी नवी प्रजाती केली तिचे नाव आपल्या मराठी सरड्यावरूनच 'सरडा' ठेवले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा, निळ्या-काळ्या-नारिंगी पंख्याचा देखणा सरडा याच प्रजातीतला.

हे सगळे कपाटातले आणि कागदावरचे वाद आहेत, जंगलाला त्याचा काय उपयोग, असे मला अनेकदा विचारले जाते. माझ्या मते उपयोग फार थेट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती, आणि तिच्यात कावळा आणि उंदरांच्या पंक्तीला 'फलाहारी वटवाघळे' असे दोनच शब्दांत अख्खे घराणे बसवले होते. किती जाती, कोणत्या दुर्मीळ, कोणत्या कुठल्या झाडांचे परागीकरण करतात, कशाचाच भेद नाही. सलीम अलींच्या नावाच्या वटवाघळाला वेगळे काढून पहिल्या अनुसूचीत नेता आले, ते केवळ ते वेगळे आहे हे १९७२ मध्ये कोणीतरी दात मोजून दाखवले होते म्हणून. उपद्रवींची ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती कायद्यात नाही.

आंबोलीची दोन उदाहरणे याहून बोलकी आहेत. कोयनेच्या परिसरातून १९६३ मध्ये सोमण यांनी एका भेकाचे वर्णन केले होते. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी आंबोलीचा भेक हा त्याचा आप्त पण वेगळा आहे हे दाखवले आणि दोघांसाठी नवी प्रजाती केली. आंबोलीचा भेक फक्त आंबोलीच्या आसपासच आढळतो. तो वेगळा ठरला नसता तर तिथले पठार गेले काय आणि राहिले काय, हिशेबात काहीच फरक पडला नसता. तिथल्याच हिरण्यकेशीच्या देवळापाशी उगमाच्या पाण्यात राहणारा छोटा मासा २०२० मध्ये तेजस ठाकरे, प्रवीणराज जयसिंहन आणि सहकाऱ्यांनी 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने शास्त्रात आणला. २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. नाव नसलेल्या माशासाठी शासन निर्णय निघत नाही.

खाडीतल्या चिंबोरीचेही असेच. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या चिखलातल्या मोठ्या चिंबोऱ्या दीर्घकाळ बहुतेक ठिकाणी एकाच नावाखाली मोजल्या जात होत्या. १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी त्या चार जाती असल्याचे दाखवले. चार जातींच्या वाढीचा वेग आणि अंड्यांवर येण्याचा आकार सारखा नसेल, तर एका नावाने लिहिलेल्या जुन्या नोंदींवर विसंबून किती चिंबोरी पकडावी हे ठरवणे धोक्याचे आहे. बाजारात काळपट आणि हिरवट चिंबोरी वेगळी ओळखणाऱ्या बाया या बाबतीत कागदापेक्षा पुढे होत्या.

आता पुस्तक कसे वाचावे याविषयी. शाळेत शिकवतात तीच उतरंड आम्ही ठेवली आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. पण ही सात पायऱ्यांची उतरंड सोयीची आहे, निसर्गाने घातलेली नाही. खऱ्या वंशवृक्षात फांद्या कितीही ठिकाणी फुटतात. काही ठिकाणी शाळेतला गट मोडावा लागला. सरपटणारे प्राणी हा वर्ग आपण सरडा, साप, कासव आणि मगर यांचा मानतो, पण मगर ही सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. म्हणून पक्षी सरपटणाऱ्यांच्या लगेच नंतर घेतले आहेत, आणि त्या जोडणीवर एक स्वतंत्र टिपण आहे. मांसभक्षी प्राण्यांत दोन फाटे केले आहेत. खारफुटीत राहणारा कोल्हा कुत्र्याच्या फाट्यावर. मुंगूस आणि उदमांजर मांजराच्या. तरस दिसायला कितीही कुत्र्यासारखे असले तरी तेही मांजराच्याच फाट्यावर, मुंगसाच्या शेजारी.

शास्त्रीय नावापुढे ज्याने वर्णन केले त्याचे नाव आणि वर्ष दिले आहे. ते कुठे कंसात आणि कुठे कंसाविना छापले आहे. ही मुद्रणदोषाची गोष्ट नाही. कंस असेल तर त्या जातीला मुळात दुसऱ्या प्रजातीत ठेवले होते आणि नंतर हलवले असे समजावे. चिचुंद्रीपुढे लिनियस आणि १७६६ हे कंसात आहेत. मुंगसाचे जुन्या पुस्तकांतले 'हर्पेस्टिस' हे प्रजातिनाव इथे मिळणार नाही. आशियातली मुंगसे आता 'उर्वा' या प्रजातीत गेली आहेत. जुनी पुस्तके जवळ असणाऱ्यांसाठी शेवटी जुन्या-नव्या नावांची जुळणी दिली आहे.

सर्वांत अपुरे प्रकरण कोळ्यांचे आहे, आणि ते तसेच छापायचे आम्ही ठरवले. कोळ्यांच्या नव्या जाती अजूनही शहरांतून मिळत आहेत. आपल्याच ठाणे जिल्ह्यात मिळालेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला २०२१ मध्ये 'आयशियस तुकारामी' हे नाव मिळाले, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्याची बंदूक धरून ठेवत शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तेव्हा महापेच्या कंपाउंडच्या भिंतींवर आणि पारसिकच्या झुडपांत काय काय आहे याची यादी पूर्ण झाली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. या प्रकरणात पुष्कळ ठिकाणी आम्ही कुळापाशी थांबलो आहोत. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी कोळ्याचा एक फोटो वरून आणि एक अगदी समोरून घ्यावा, आठही डोळ्यांची मांडणी स्पष्ट दिसेल असा, आणि त्यासोबत तारीख, जागा आणि तो कोणत्या झाडावर किंवा भिंतीवर होता ते लिहावे. डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ बहुतेक वेळा ठरते. जात ठरवायला मात्र पूर्ण वाढ झालेला नमुना लागतो, आणि त्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात.